नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ : चालवणाऱ्यांचे आणि बघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांत काम करणारी मुलं, जर्मनीत आखनला नाहीतर श्टुटगार्टला मास्टर्स करायला गेलेले लातूर-नांदेडचे विद्यार्थी आणि अधूनमधून त्यांचे आईवडील, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येत असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. नॉर्डश्लाइफ हे जर्मनीतलं मोटार शर्यतींचं जुनं, लांब सर्किट, लोक त्याला नुसतं ‘रिंग’ म्हणतात, आणि ते पाठ करावं लागतं. जो आधी कठड्याबाहेर उभा राहून भरपूर बघतो, मग जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसतो आणि त्यानंतर स्टिअरिंग हातात घेतो, त्याला रिंगची खरी गोडी लागते. खालची सगळी उत्तरं याच मतातून आली आहेत.

नॉर्डश्लाइफ म्हणजे नक्की काय?

जर्मनीच्या पश्चिमेला, आयफेलच्या डोंगराळ जंगलात नुर्बुर्ग नावाचं छोटं गाव आहे. वर टेकडीवर जुना किल्ला. त्या गावाला आणि शेजारच्या आडेनाऊ परिसराला वळसा घालून जाणारी २०.८३२ किलोमीटरची डांबरी वाट म्हणजे नॉर्डश्लाइफ. वळणं ७३ धरतात, पण मोजणारा बदलला की आकडाही थोडा बदलतो. सगळ्यात खालचं ठिकाण ब्रायडशायडचा पूल, सगळ्यात वरचं होहे आख्त, आणि दोन्हींत सुमारे ३०० मीटरचा फरक. शेजारी १९८४ मध्ये बांधलेलं आधुनिक ग्रां प्री सर्किट आहे, ते वेगळं. लोक नुसतं ‘रिंग’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना ही जुनी, लांब वाट अभिप्रेत असते.

एवढं लांब सर्किट जंगलात बांधलंच कशाला?

आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर रस्ते आणि पाझर तलाव झाले, तसं ते काम आहे. पहिल्या महायुद्धानंतर आयफेलच्या पट्ट्यात हाताला काम नव्हतं. १९२५ मध्ये काम सुरू झालं, हजारो बेरोजगारांना मजुरी मिळाली आणि १८ जून १९२७ ला पहिल्या शर्यती झाल्या. पहिल्या दिवशी मोटरसायकली धावल्या. नंतर मोटारींची शर्यत रुडॉल्फ काराचिओलानं जिंकली, आणि आज त्याच्याच नावाचं वळण तिथं आहे. डोंगर सपाट करत बसण्याइतका पैसा आणि यंत्रं त्या काळी नव्हती, म्हणून रस्ता डोंगराच्या कलानं गेला. आजच्या सर्किटांवर न मिळणारे चढउतार इथं मिळतात ते त्यामुळेच.

मी समृद्धीवर १२० नं जातो. मग रिंगवर अवघड ते काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागचा उत्साह मला समजतो. पण समृद्धीवर दोन-तीन किलोमीटर पुढचं दिसत असतं. तिथला धोका डोळा लागण्याचा, टायर फुटण्याचा. रिंगवर पुढचे शंभर मीटरही धड दिसत नाहीत. चढाच्या माथ्यावर गाडी हलकी होते, टायरवरचा भार कमी होतो, आणि नेमकं त्याच्या पलीकडे वळण सुरू होतं. ते डावीकडे आहे की उजवीकडे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असावं लागतं. दिसल्यावर ठरवू म्हणणाऱ्याला वेळच उरत नाही.

त्यात रस्ता अरुंद. आधुनिक सर्किटवर चुकलं तर बाजूला खडीचं किंवा डांबराचं मोठं मैदान असतं. इथं बऱ्याच ठिकाणी दोन पावलं गवत आणि लगेच लोखंडी कठडा. डांबरही सगळीकडे सारखं नाही. एखादा तुकडा नवा, एखादा जुना आणि गुळगुळीत, कारुसेल नावाच्या वळणात तर चक्क काँक्रीट. हवेचं म्हणाल तर एका टोकाला ऊन आणि दहा किलोमीटरवर पाऊस, असं घडतं. एकाच फेरीत कोरडा आणि ओला, दोन्ही रस्ते भेटू शकतात.

फॉर्म्युला वन तिथं का होत नाही?

नॉर्डश्लाइफवरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत १ ऑगस्ट १९७६ ला झाली. त्या दिवशी दुसऱ्याच फेरीत बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे निकी लाउडाची फेरारी कडेच्या बांधाला धडकली आणि पेटली. मागून आलेल्या ड्रायव्हरांनी, म्हणजे मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्ट्ल यांनी, त्याला आगीतून ओढून काढलं. इतक्या लांब वाटेवर मदत वेळेत पोहोचणं किती कठीण, हे सगळ्या जगानं पाहिलं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही शर्यत इथं घेऊ नये, असं लाउडा आधीपासून म्हणत होता. आणि तो रिंगला घाबरणारा माणूस नव्हता. आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, सात मिनिटांच्या आत फेरी मारणारा तो पहिला ड्रायव्हर ठरला होता, वेळ ६:५८.६. ज्याला ही वाट सगळ्यात वेगानं चालवता येत होती, तोच तिचा धोका सगळ्यात स्पष्ट सांगत होता. अपघातानंतर सहा आठवड्यांत तो इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. अपघाताच्या ठिकाणाजवळच्या डावीकडच्या वळणाला आता त्याचं नाव आहे.

ब्रिटिश ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टनं या सर्किटला ‘हिरवा नरक’ म्हटलं ते उगाच नाही. १९६८ मध्ये धुक्यात आणि पावसात त्यानं इथली शर्यत चार मिनिटांहून जास्त फरकानं जिंकली होती. म्हणजे हा शब्दही हरलेल्याच्या तोंडचा नाही.

रेकॉर्ड किती मिनिटांचं आहे?

सगळ्यात वेगवान फेरी २०१८ मध्ये टिमो बर्नहार्डनं पोर्शे ९१९ एव्होमध्ये मारली : ५:१९.५४६. ती गाडी शर्यतीचे नियम बाजूला ठेवून तयार केलेली होती. त्याआधी ३५ वर्षं टिकलेला आकडा स्टेफान बेलोफचा होता, १९८३ मध्ये पोर्शे ९५६ मध्ये ६:११.१३. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेल्या गाड्यांत मर्सिडीज-एएमजी वननं २०२४ मध्ये ६:२९.०९० ची वेळ दिली. हे आकडे कौतुकानं वाचा, स्वतःशी तुलना करायला घेऊ नका.

आपल्यासारख्या साध्या माणसाला तिथं गाडी चालवता येते का?

येते, आणि रिंगची हीच मोठी गंमत आहे. शर्यत किंवा कंपन्यांची चाचणी नसते त्या वेळी नॉर्डश्लाइफ एकेरी टोलरस्त्यासारखी सगळ्यांना खुली असते. साधारण मार्च ते नोव्हेंबर हा हंगाम. आठवड्याच्या दिवशी बहुधा संध्याकाळचे दोन-अडीच तास, शनिवार-रविवारी जास्त वेळ. एका फेरीला ३० युरो, शुक्रवार ते रविवार ३५, असा दर २०२४ च्या हंगामात होता. जाण्यापूर्वी सर्किटच्या अधिकृत संकेतस्थळावरचं कॅलेंडर आणि दर बघाच. वेळा ऐनवेळी बदलतात आणि हवा बिघडली की वाट बंद होते.

नियम समजून घ्या. जर्मनीचा वाहतूक कायदा तिथंही लागू असतो. शर्यत लावणं आणि वेळ मोजणं मना आहे, गाडी चालवताना चित्रीकरणही मना. उजवीकडून चालायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून. सलग पूर्ण फेऱ्या मारता येत नाहीत, कारण ड्योटिंगर ह्योहेच्या सरळ पट्ट्यावर टोलनाका आहे आणि प्रत्येक फेरीनंतर तिथून बाहेर पडावं लागतं. ते बरंच आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये माणूसही थंड होतो आणि ब्रेकही.

बाईक घेऊन जाऊ का?

नाही. २०२५ च्या हंगामापासून या खुल्या फेऱ्यांना मोटरसायकलींना प्रवेश नाही. जुने व्हिडिओ बघून बेत आखू नका.

लायसन कोणतं लागतं?

आपलं भारतीय लायसन आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना. तो आपल्याच आरटीओतून निघतो, मग तुम्ही एमएच-२० चे असा, २४ चे किंवा २६ चे. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून, शासकीय शुल्क १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. दलालाची गरज नाही. जर्मनीत राहायलाच गेला असाल तर लक्षात ठेवा, तिथं वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन चालतं. त्यानंतर जर्मन लायसन काढावं लागतं. आखनच्या मुलांची इथंच गफलत होते.

विमानतळावरून भाड्यानं घेतलेली गाडी रिंगवर नेली तर?

नेऊ नका. नेहमीच्या भाडेकरारात रिंगवर गाडी नेण्याची सरळ मनाई लिहिलेली असते, आणि अनेक गाड्यांत ठिकाण कळवणारं यंत्रही बसवलेलं असतं. करार मोडला की विमा गेला, आणि मग पूर्ण गाडीची किंमत तुमच्या डोक्यावर.

नुर्बुर्ग आणि आडेनाऊच्या आसपास रिंगसाठीच गाड्या भाड्यानं देणारे व्यावसायिक आहेत. त्यांच्या गाड्यांना चांगले ब्रेक, चांगले टायर आणि बहुतेकदा आत सुरक्षेची लोखंडी चौकट असते. महाग पडतं, पण करारात रिंग नावानिशी लिहिलेली असते. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : मी गाडी पूर्ण ठोकली तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जातील? तो आकडा कागदावर मागा. हजारो युरोंचा असतो. तेवढे पैसे गेले तर घर हादरेल असं वाटत असेल, तर त्या वर्षी शेजारच्या सीटवर बसून या. त्यात कमीपणा काही नाही.

मित्राची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी तिचा विमा आधी वाचावा. अनेक जर्मन विमा कंपन्या नॉर्डश्लाइफ स्पष्ट शब्दांत वगळतात. शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमासुद्धा एकदा नीट वाचा. मोटरस्पोर्ट वगळल्याचं कलम बहुधा शेवटच्या पानांवर असतं.

स्टिअरिंग डावीकडे असतं. त्याची सवय किती दिवसांत होते?

गिअर उजव्या हातानं टाकायची सवय अर्ध्या दिवसात होते. आरशांची सवय व्हायला वेळ लागतो, आणि रिंगवर आरसेच जीव वाचवतात.

आपण आयुष्यभर उजवीकडून ओव्हरटेक होताना पाहिलेलं असतं. मागून काही येतंय अशी शंका आली की आपली नजर उजव्या आरशात जाते. तिथं वेगवान गाडी डावीकडून येते. तुम्ही उजव्या आरशात शोधत राहता आणि ती तुमच्या डाव्या खांद्याशी पोहोचलेली असते. म्हणून रिंगवर जाण्याआधी दोन दिवस साध्या रस्त्यांवर चालवा, आणि मुद्दाम सवय लावून घ्या : प्रत्येक सरळ तुकड्यावर आधी मधला आरसा, मग डावा. मागची गाडी वेगवान दिसली की उजवा इंडिकेटर द्या, उजव्या कडेला राहा, आपला वेग स्थिर ठेवा आणि तिला जाऊ द्या. एकदम ब्रेक मारायचा नाही. वळणाच्या मधोमध लाईन बदलायची नाही. मागच्या माणसाला तुम्ही पुढं काय करणार आहात ते कळलं पाहिजे, बस.

कॉम्प्युटर गेमवर शिकता येतं का?

रस्ता शिकता येतो, आणि तो शिकूनच जा. असेटो कोर्सा आणि आयरेसिंगमध्ये लेझरनं मोजून घेतलेली नॉर्डश्लाइफ आहे. साधं स्टिअरिंग जोडून रोज दोन-तीन फेऱ्या मारल्या तरी महिन्या-दोन महिन्यांत वळणांचा क्रम डोक्यात बसतो. त्यानंतर परीक्षा म्हणून डोळे मिटून, वळणाचं नाव आणि दिशा म्हणत, मनातल्या मनात फेरी पूर्ण करून बघा. जिथं अडाल तिथं खऱ्या रिंगवरही अडाल.

पडद्यावर उतार कळत नाही. फुक्सरोरेची उतरण गेममध्ये साधी दिसते. प्रत्यक्षात तळाशी पोहोचताना पोटात खड्डा पडतो आणि क्षणभरात सगळं वजन सीटवर दाबलं जातं. गेममध्ये आपटलं तर पुन्हा सुरुवात करता येते, आणि त्यामुळे हात धीट होतात. तो धीटपणा घरीच ठेवून या.

कोणत्या वळणांवर जास्त सांभाळायचं?

सगळ्या ७३ वळणांचं वर्णन करत नाही. चार जागा मात्र बारकाईनं सांगतो.

पहिली, फुक्सरोरे ते आडेनावर फोर्स्ट. आधी जंगलातली लांब उतरण, त्यात गाडी आपसूक वेग घेते. तळाला गाडी स्प्रिंगवर बसते आणि लगेच चढ. चढाच्या माथ्यावरून पुढची वाट सरळ गेल्यासारखी भासते, आणि तिथंच फसगत होते. माथ्यापलीकडे एकदम घट्ट डावं वळण आणि लगोलग उजवं. नवखा माणूस सरळ गवतात जातो. तिथं कठड्याबाहेर बघ्यांची गर्दी असते ती त्यासाठीच. ब्रेक चढावरच, गाडी सरळ असताना, मारून घ्यायचा. माथ्यावर ब्रेक दाबण्यात अर्थ नाही, कारण तिथं चाकांवर वजनच नसतं.

दुसरी जागा बेर्गवेर्क. ब्रायडशायडच्या पुलानंतर चढ सुरू होतो आणि हे उजवं वळण लागतं. बाहेर पडल्यावर केसेलशेनचा लांबलचक चढ आहे. आत जाताना जो घाई करतो तो बाहेर पडताना बाजूला फेकला जातो, आणि मग तो सगळा चढ रडतखडत चढतो. सावकाश आत, नजर वळणाच्या शेवटाकडे, मग हळूहळू ॲक्सिलरेटर. शंभरेक अश्वशक्तीच्या साध्या गाडीतही इथला फरक स्पष्ट जाणवतो.

तिसरी कारुसेल. डावीकडे जवळजवळ उलट दिशेला फिरणारं, आतल्या बाजूला काँक्रीटच्या फरश्यांचं खोलगट वळण. गाडी त्या खोलीत उतरवली की कडेचा उतारच तिला धरून ठेवतो. फरश्यांच्या प्रत्येक सांध्यावर धडधड होते, स्टिअरिंग हातात थरथरतं आणि दात एकमेकांवर आपटतात. हात घट्ट करू नका, स्टिअरिंगला थोडं खेळू द्या. बाहेर पडताना गाडी काँक्रीटवरून पुन्हा डांबरावर चढते, तो क्षण सांभाळायचा. वाळूजमध्ये शॉक ॲब्सॉर्बरच्या लाईनवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे वळण एकदा तरी अनुभवावं. आपण जो भाग हातात घेऊन तपासतो तो नेमकं काय सोसतो, हे त्या काही सेकंदांत उमगतं.

चौथी फ्लान्त्सगार्टन. वेगात गेलं तर गाडीची चाकं जमीन सोडतात. पहिल्या वर्षी ती सुटू द्यायची नाहीत, एवढंच.

पहिल्या फेरीला किती वेळ लागायला हवा?

बारा ते पंधरा मिनिटं लागली तर उत्तम झालं म्हणायचं. घड्याळ लावू नका, ते नियमातही बसत नाही.

आदळलं तर काय होतं?

शक्य असेल तर गाडी उजव्या कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, आणि सगळ्यांनी लगेच कठड्याच्या पलीकडे जा. गाडीत बसून राहू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही उशिरा दिसता. मग सर्किटच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो आधीच मोबाईलमध्ये साठवून ठेवा. माणसाला लागलं असेल तर ११२. ऑइल किंवा कूलंट सांडत असेल तर अजिबात पुढं चालवत नेऊ नका. मागच्या दहा जणांचे अपघात त्या एका रेघेवरून होतात.

बिल येतं. गाडी उचलून नेण्याचं, वाकलेल्या कठड्याचं मीटरप्रमाणे, वाट बंद ठेवावी लागली तर त्याचंही. निघून जाण्याचा विचारही मनात आणू नका. अपघाताच्या जागेवरून पळणं जर्मनीत गुन्हा आहे, आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला ते फार महागात पडतं.

आमचा मुलगा तिकडे शिकतो. तो रिंगवर जायचं म्हणतोय. जाऊ द्यावं का?

हा प्रश्न परभणीच्या एका काकूंनी विचारला होता. ताई-दादांनो, काकूंनो, ‘नाही’ म्हणून फोन ठेवला तर तो न सांगता जाईल. त्याऐवजी त्याला चार गोष्टी विचारा. गाडी कोणाची? विम्यात रिंग आहे का? सोबत कोण? आधी नुसतं बघून आलास का? चारही उत्तरं नीट आली तर पोरगं विचार करून निघालंय. एक जरी अडखळलं, तर सांगा की या खेपेला जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून फेरी मार. प्रवाशाला बसवून फेरी मारणारे व्यावसायिक तिथं आहेत, आणि प्रशिक्षकासह चालवायचे वर्गही असतात. पहिल्याच दिवशी पावसाळी हवेत, मित्रांनी भरलेल्या गाडीत जाऊ नकोस, हे मात्र ठणकावून सांगा.

बघायला कुठं उभं राहायचं?

खुल्या फेऱ्या बघायला तिकीट लागत नाही. कठड्याबाहेरच्या जंगलवाटांनी पायी हिंडायचं आणि जिथं जाळीमागे मोकळी जागा दिसेल तिथं थांबायचं.

एकाच दिवसाचा वेळ असेल तर ब्र्युन्शेनला जा. तिथं उताराच्या बाजूला उभं राहिलं की दोन-तीन वळणं एकाच नजरेत येतात. गर्दी असते, वातावरण छान असतं. शांतपणे शिकायचं असेल तर आडेनाऊजवळ ब्रायडशायडच्या पुलापाशी थांबा. गाड्या उतरून येतात, पूल ओलांडून चढाला लागतात. नुसतं ऐकत राहिलं तरी कोण कुठं गिअर टाकतो ते कळतं.

कारुसेलपर्यंत थोडं चालावं लागतं, पण चला. एकाच जागी तासभर उभं राहून एक खेळ करून बघा. प्रत्येक गाडीचं पुढचं डावं चाक काँक्रीटवर नेमकं कुठं उतरतं, तेवढंच बघायचं. पाच-दहा गाड्यांनंतर डोळा तयार होतो आणि चाक उतरतानाच सांगता येतं, ही गाडी नीट बाहेर पडणार की नाही. हा तास मला दहा व्हिडिओंपेक्षा मोलाचा वाटतो.

जाळीच्या आत हात घालायचा नाही, बंद केलेल्या जागेत जायचं नाही. २०१५ च्या मार्चमध्ये फ्लुगप्लात्सच्या माथ्यावर एक रेसकार हवेत उडाली, जाळीपलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्यानंतर तिथं बरंच काम झालं. तरी सूचना पाळा, फोटोसाठी हट्ट नको.

२४ तासांची शर्यत बघण्यासारखी आहे का?

आयुष्यात एकदा बघाच. १९७० पासून ती होते, साधारण मे-जूनमध्ये. नॉर्डश्लाइफ आणि ग्रां प्री सर्किट जोडून २५ किलोमीटरहून मोठी फेरी होते, आणि शंभराहून अधिक गाड्या एकाच वेळी धावतात. मोठ्या कंपन्यांच्या जीटी३ (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या वेगवान शर्यतीच्या) गाड्या आणि हौशी लोकांच्या छोट्या गाड्या एकाच रस्त्यावर. रात्री जंगलात अंधार, तंबूंपुढे शेकोट्या, आणि झाडांतून येणारे दिव्यांचे झोत. आपला अर्जुन मैनीही ही शर्यत चालवून आला आहे.

या शर्यतीची सगळ्यात लाडकी विजेती मात्र इथलीच, नुर्बुर्गमध्ये हॉटेल चालवणाऱ्या घरातली झाबिने श्मित्स. १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली बाई. लहानपणापासून ही वाट घराशेजारी होती आणि प्रत्येक खड्डा तिला तोंडपाठ होता. २०२१ मध्ये ती गेली. आता एका वळणाला तिचं नाव दिलेलं आहे.

हवेचा भरवसा नाही. २०१६ मध्ये पहिल्याच तासात गारपीट होऊन रस्ता पांढरा झाला आणि शर्यत थांबवावी लागली. २०२४ मध्ये धुक्यानं इतका वेळ खाल्ला की विजेत्याच्या फक्त ५० फेऱ्या झाल्या.

जायचं कसं, आणि सोबत काय न्यावं?

संभाजीनगर-जालन्याकडच्यांना मुंबई बरी, नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ. उतरायचं फ्रँकफर्टला. तिथून रिंग गाडीनं दोन तासांच्या आसपास, कोलोनहून त्याहून जवळ. रेल्वे थेट जात नाही, बस कमी आहेत, म्हणून चौघांनी मिळून गाडी करा. ती गाडी पार्किंगमध्येच राहील, हे वर सांगितलंच आहे.

मे महिन्यात आपण ४२ अंशांतून निघतो आणि आयफेलच्या रात्री स्वेटरसुद्धा पुरत नाही. पावसाचं जॅकेट, चिखलात चालतील असे बूट आणि कानटोपी हवीच. कानात घालायला बोळे न्या, लहान मुलं असतील तर कानांवर बसणारे मोठे संरक्षक. शाकाहारी माणसाला तिथं बटाट्याच्या काड्यांशिवाय फारसं काही मिळत नाही, त्यामुळे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. धपाटे दोन-तीन दिवस छान टिकतात.

जर्मनीला जाणं जमणार नाही. भारतात कुठं शिकता येईल?

मराठवाड्यात असं सर्किट नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास सर्किट १९९० पासून आहे, साधारण ३.७ किलोमीटर, आणि माझ्या मते शिकायला देशात सगळ्यात चांगलं. कोईम्बतूरला २.१ किलोमीटरचं कारी मोटर स्पीडवे आहे, २००३ चं. तिथं गाड्या जवळून बघता येतात. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट मोठं आणि रुंद. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि २०२३ मध्ये मोटरसायकलींची मोटोजीपी शर्यत झाली. नांदेड-परभणी-जालन्याहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठता येते. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन लागतं. त्याची सुरुवात दक्षिणेतल्या प्रशिक्षण वर्गांतून होते.

तोवर कन्नडच्या घाटात सराव केला तर चालेल का?

अजिबात नाही. ऑट्रम घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, एसटी येते, कुटुंब घेऊन दुचाकीवर निघालेला माणूस येतो. रिंग कितीही धोक्याची म्हटली तरी एकेरी आहे, तिथं कठडे आहेत, मदतीची गाडी आहे. घाटात यातलं काहीच नाही, आणि मरणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. घाटात शिकण्यासारखी एकच गोष्ट आहे : वेग न वाढवता, उतारावर ब्रेक न तापवता, योग्य गिअरमध्ये सुरळीत उतरणं. मागच्या सीटवरच्या आजीची झोप मोडली नाही, तर हात बसू लागलाय असं समजा.

घरबसल्या काय बघू?

२४ तासांची शर्यत आयोजक यूट्यूबवर थेट दाखवतात, फुकट, आणि काही गाड्यांच्या आतल्या कॅमेऱ्यांचं प्रक्षेपणही असतं. सुरुवात जर्मनीत दुपारी तीन-चारच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा-साडेसातला. पहिला तास बघून झोपून जा आणि पहाटे चारचा गजर लावा. त्या वेळी तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. मोठ्या पडद्यावर मुख्य प्रक्षेपण आणि मोबाईलवर एखाद्या छोट्या, कमी ताकदीच्या गाडीचा आतला कॅमेरा, असं लावा. पुढं पळणाऱ्या जीटी३ पेक्षा त्या छोट्या गाडीचा ड्रायव्हर अंधारात आरशात कधी बघतो आणि वाट कुठं देतो, त्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही कधी तिथं गेलात तर त्याच्याच जागी असणार आहात.